आमच्या गावचे आहेत

दिवाळीत आमच्या घरी येणारे पाहुणे चहा घेता घेता हमखास एक प्रश्न विचारतात. आमच्या बैठकीच्या खोलीत काचेचे एक कपाट आहे. त्यात मुलीने हौसेने आणलेला चिनी मातीचा टी-सेट आहे, नातवाला शाळेत मिळालेला चषक आहे, आणि ह्या दोहोंच्या मध्ये दीड वीत लांबीचा एक लोखंडी दांडा आहे. दांडा म्हणजे जुन्या पहारीचा तुटका तुकडा. एका टोकाला चिंधी गुंडाळलेली आहे आणि ती हाताच्या घामाने काळी पडली आहे.

"हे हो काय? काही ऐतिहासिक वस्तू दिसते!" पाहुणे म्हणतात.

ऐतिहासिक आहे खरी. पण तो इतिहास माझ्या एकट्याचा आहे, आणि त्यात मिरवण्यासारखे फारसे काही नाही. तरी विचारणाऱ्याला मी तो सांगतो. न सांगून काय होते ते मी एकदा पुरते भोगले आहे.

आम्ही ख्रिस्ती. मूळचे नगर जिल्ह्यातले. 2024 साली त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 मध्ये नगरला आले, तेव्हापासून त्या भागात ख्रिस्ती वस्ती वाढत गेली. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा 1900 सालचा, म्हणजे छप्पनच्या दुष्काळातला. आमचे घर गावकुसाबाहेरचे. ज्या पाणवठ्यावर गाव पाणी भरी तिथे आजोबांना उभे राहता येत नसे, आणि बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना 'पोटासाठी बाटलेला' हे आणखी एक बिरूद मिळाले. एक लाज सोडायला गेलेल्या माणसाच्या पदरात दुसरी पडली. आजोबा हसून म्हणत, "पोटासाठी तर पोटासाठी, पोटही त्यानंच दिलंय." एवढी हिंमत त्यांच्या नातवात मात्र उतरली नाही.

माझे वडील गावातल्या छोट्या देवळाची झाडलोट करीत, कंदिलाच्या काचा पुशीत आणि रविवारी सकाळी टोले देत. देवळाला घंटा नव्हती. दाराशी लिंबाच्या फांदीला आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, आणि त्याच्यावर हा दांडा मारून ते मंडळीला उपासनेला बोलावीत. पहिला टोला जरा थांबून, मग दोन जवळजवळ. अर्ध्या कोसावरच्या शेतातला माणूसही तो ठेका ओळखी.

मी मॅट्रिक झालो, नगरला चार वर्षे शिकलो आणि 1969 मध्ये मुंबईला फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. माझे नाव साधे मराठी. आडनावही असे, की ते कोणत्याही चार जातींत सापडावे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मित्राने मला श्रावणातल्या सत्यनारायणाच्या वर्गणीत धरले. मी मुकाट्याने दोन रुपये काढून दिले. वर्गणी देण्यात वावगे काहीच नव्हते. शेजारधर्म म्हणून ती मी आजही देतो. पण त्या दिवशी मी दिले ते दोन रुपये वर्गणीचे नव्हते. ते गप्प राहण्याची किंमत म्हणून दिले होते.

हळूहळू मी बोली बदलली. 'व्हय'चे 'होय' झाले. गंमत अशी, की आमच्या कचेरीत रेव्हरंड टिळकांच्या कविता तोंडपाठ असलेले तिघे-चौघे होते. चहाच्या वेळी ते त्या म्हणत, आणि 'काय माणूस होता हो!' म्हणून मान डोलवीत. ह्याच टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्यांची भजने गातच मी लहानाचा मोठा झालो होतो. 'ते आमचे' असे म्हणायला ह्यापेक्षा चांगली संधी ती कुठली! पण मीही नुसतीच मान डोलावली.

मग 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचे नाही. आमच्या गावची विहीर तळाला गेली. वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे मजुरांना सुकडी वाटीत. त्याच सुमारास मी नवे बिऱ्हाड केले होते, पागडीसाठी कर्ज काढले होते, आणि दोन महिने माझी मनिऑर्डर गावी गेली नव्हती.

फेब्रुवारी 1973. दुपारची वेळ. शिपाई येऊन म्हणाला, "तुम्हाला भेटायला कुणीतरी आलंय." मी मान वर केली तो दारात वडील उभे. डोक्याला मुंडासे, अंगावर खडीच्या धुळीने पांढुरके झालेले धोतर, पायात टायरच्या वहाणा, काखेत गाठोडे. रात्रभर एसटीत बसून आलेले. वरच्या पंख्याकडे ते नवलाने पाहत होते.

आमच्या हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहिले आणि मला विचारले, "कोण हो हे?"

मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत."

शब्दशः पाहिले तर ह्यात खोटे काहीच नव्हते. वडील माझ्या गावचे होतेच. पण पुरे खोटे बोलायला थोडे तरी धैर्य लागते. अर्धे खरे बोलायला तेवढेही लागत नाही.

वडिलांनी ते ऐकले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि हेडक्लार्कना हात जोडून म्हणाले, "व्हय साहेब, ह्यांच्या गावचाच. देवळात टोले देतो."

मग गाठोड्यातून फडक्यात बांधलेली पुडी काढून ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमच्या आईनं दिलीया," ते म्हणाले.

तुमच्या आईनं! माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकदाच अहोजाहो केले, ते त्या दिवशी. मी टाकलेली लाज त्यांनी निमूटपणे उचलली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली.

मी त्यांना खाली नेऊन चहा पाजला. जिन्यावर वीस रुपये पुढे केले. त्यांनी दहाच घेतले. "एसटीपुरते बास," म्हणाले. कशासाठी आले होते ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पुडीत सुकडी होती. कामावर मिळालेल्यातली थोडी थोडी मागे टाकून दोघांनी ती माझ्यासाठी जमवली होती. ती पुडी मी टेबलाच्या खणात सारली, कुणाला दिसू नये म्हणून.

ऑगस्टमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, वडील वारले. तार मिळाली, पण मी पोहोचेपर्यंत मातीही झाली होती. परत आलो तेव्हा मित्रांनी आस्थेने विचारपूस केली. एकाने विचारले, "वडील काय करीत होते?" मी म्हणालो, "शाळामास्तर होते." दुसरा माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाला, "मुंडण नाही केलंत?" मी म्हणालो, "थोरल्या भावानं केलं सारं." मला थोरला भाऊ नाही.

त्यानंतरचे आठ महिने कसे गेले ते सांगणे अवघड आहे. बाहेरून सारे ठीक होते. मनिऑर्डर आता दुप्पट जाऊ लागली, तीही न चुकता. रात्री मी गुडघे टेकून क्षमा मागे, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच मागे. कारण आदल्या रात्रीची मिळाल्यासारखी वाटतच नसे. मुंबईतल्या आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा रविवार आला की मी मागच्या बाकावर बसे, आणि भाकर नि पेला फिरायच्या आत उठून जाई. देवाला फसवणे जमत नाही हे ठाऊक होते. पण निदान त्याच्या ताटाला हात लावू नये, एवढी लाज उरली होती.

1974 च्या एप्रिलमध्ये ईस्टरला मी गावी गेलो. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना होते. अंधारातच सारी मंडळी कंदील घेऊन निघते आणि आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी उभी राहते. वडिलांच्या थडग्यावर अजून नुसतीच माती होती. गाणी झाली, प्रार्थना झाली, लोक पांगले. म्हातारे पाळकसाहेब तीन दगडांची चूल मांडून चहा उकळीत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो, आणि काय झाले कोण जाणे, सगळे सांगून टाकले. आमच्या गावचे आहेत, शाळामास्तर होते, थोरल्या भावाने केले. सांगता सांगता नकळत बोटे मोजली गेली, आणि तिसऱ्या बोटावर मी थांबलो.

पाळकसाहेबही थांबले. "तीन झाले," एवढेच ते म्हणाले.

वाचकांपैकी पुष्कळांना पेत्राची गोष्ट ठाऊक असेल. येशूला पकडून नेले त्या रात्री त्याचा हा पट्टशिष्य प्रमुख याजकाच्या वाड्यात, अंगणातल्या विस्तवापाशी, नोकरचाकरांत शेकत उभा होता. त्याच्या गालिली बोलीवरून लोकांनी त्याला ओळखले, आणि त्याने तीनदा सांगितले, की हा माणूस माझ्या ओळखीचा नाही. मग कोंबडा आरवला. ही गोष्ट मी शब्बाथशाळेत शंभरदा ऐकली होती. पण पाळकसाहेबांनी चुलीतले लाकूड मागे ओढत मला जे दाखवले ते मी कधी पाहिले नव्हते.

ते म्हणाले, योहानाच्या शुभवर्तमानात दोनच ठिकाणी कोळशाचा विस्तव येतो. मूळ ग्रीक भाषेत त्यासाठी जो शब्द आहे तो साऱ्या नव्या करारात ह्या दोन जागा सोडून कुठेही नाही. पहिला विस्तव वाड्याच्या अंगणातला, जिथे पेत्र नाकारतो. दुसरा समुद्राच्या काठचा. येशू पुन्हा उठल्यावर शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतत असतात, आणि पहाटे काठावर तो विस्तव पेटवून त्यावर मासे भाजीत बसलेला असतो. जेवण आधी होते. मग तो पेत्राला विचारतो. काय विचारतो? असे का केलेस, हे नाही. पुन्हा करणार नाहीस ना, हेही नाही. माझ्यावर प्रीती आहे का, एवढेच. आणि तेही तीनदा, जेवढ्यांदा पेत्राने नाकारले तेवढ्यांदा. प्रत्येक उत्तरामागून तो त्याला काम सोपवतो: माझी मेंढरे राख.

"बाळ," पाळकसाहेब म्हणाले, "तू गेले आठ महिने त्या पहिल्या विस्तवापाशीच बसलायस. तिथं नुसतं शेकत बसून कुणाला क्षमा मिळत नाही." मग त्यांनी झोळीत हात घालून हा दांडा काढला. वडील गेल्यापासून गावातली पोरे कसेतरी टोले देत होती. "नऊच्या उपासनेचे टोले आज तू दे."

मी दिले. पहिला जरा थांबून, मग दोन जवळजवळ. हात थरथरत होता, ठेका चुकत होता. देवळात शिरणाऱ्या एका म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या वडिलांचे नाव घेऊन म्हणाली, "त्याचाच ना रं तू?"

"व्हय," मी म्हणालो. पाच वर्षांत तो शब्द पहिल्यांदा तोंडातून आला होता. त्या दिवशी मी प्रभुभोजन घेतले.

पुढे मी ह्यावर पुष्कळ विचार केला. लाज आणि अपराध ह्यांना आपण एकच समजतो, कारण दोन्ही माणसाला मान खाली घालायला लावतात. वस्तुतः त्या दोन निराळ्या व्याधी आहेत, आणि त्यांचे औषधही निराळे आहे. गावकुसाबाहेर जन्मलो, बाप टोले देतो, आजोबा दुष्काळात ख्रिस्ती झाले, ही माझी लाज. ह्यात माझा गुन्हा काहीच नव्हता; मग क्षमा कशाची मागायची? बापाला नाकारले हा मात्र अपराध. तो माझा आणि माझाच. मी काय करीत होतो? अपराध झाकण्यासाठी लाजेला पुढे करीत होतो. समाजच असा, माझा नाइलाज होता, असे म्हणत होतो. समाज तसा होता हे खरेच. पण 'आमच्या गावचे आहेत' हे शब्द समाजाने उच्चारले नव्हते.

अपराधाला क्षमा लागते. लाजेला सोबत लागते. ख्रिस्ताच्या चरित्रात मला दोन्ही मिळाल्या. ज्या गावाचे नाव ऐकून लोकांनी विचारले, की तिथून काही चांगले निघू शकते काय, त्या नासरेथचा तो. क्रूस ही रोमन राज्यातली गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. रोमन नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. नुसता प्राणच घ्यायचा तर तलवार पुरली असती. क्रूस उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असा उभारीत, तो माणसाची अब्रू घेण्यासाठी. आमचा देव त्या जागी उभा राहिला आहे, हे मला लहानपणापासून पाठ होते. पण धुळीचे धोतर नेसून हात जोडणारे माझे वडील आठवले, तेव्हा मला ते समजले.

आणखी एक गोष्ट. पेत्राला पस्तावा झाला, तसा यहूदालाही झाला होता. त्याने तर घेतलेली तीस नाणी परत नेऊन टाकली. पश्चात्तापाच्या मापाने मोजले तर तो पेत्राहून तसूभरही कमी भरत नाही. पण तो आपले दुःख घेऊन एकटाच गेला, आणि जिवाला मुकला. पेत्र मात्र रडला आणि पुन्हा आपल्या माणसांतच, त्यांच्याच नावेत, जाऊन बसला. म्हणून पहाटे काठावरचा विस्तव त्याला दिसला. पुढे मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्याच आठवणींवरून लिहिले, अशी जुनी परंपरा आहे. ती खरी असेल, तर त्या रात्रीची हकिकत पेत्रानेच स्वतःच्या तोंडाने सांगितली असली पाहिजे. जे लपवायला तो धडपडला तेच तो पुढे सांगत फिरला. माणूस मोकळा झाल्याची ह्याहून दुसरी खूण मला माहीत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना मला हेच जाणवते. आपली भीती, आपले सोवळे, आपली फजिती, काही म्हणता काही त्या बाईने झाकून ठेवले नाही. उलट स्वतःला हसत हसत ते घराघरांत पोहोचवले.

त्याच दिवशी मी आईला सारे सांगितले. ती बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला तर ते म्हनले, पोराच्या हापिसात डोक्यावर पंखा हाय, आन् पोरानं कपबशीतून च्या पाजला." बस्स, एवढेच. त्यांनी मला क्षमा केली होती का, हे तिला ठाऊक नव्हते, आणि ते विचारायला आता वडील नव्हते. ती बाजू तशीच राहिली आहे. क्षमा मिळाली म्हणजे घडलेले पुसले जाते असे नव्हे. काटा निघाला तरी व्रण राहतो. पण व्रणावर हात ठेवून माणूस झोपू शकतो.

मुंबईला परतल्यावर कचेरीत सांगायचे राहिले होते. चहाच्या वेळी मी उठून म्हणालो, "गेल्या वर्षी मला भेटायला आले होते ते माझे वडील. देवळात टोले देत. आम्ही ख्रिस्ती आहोत." तोंडाला कोरड पडली होती. क्षणभर कुणी बोलले नाही. मग आमचे हेडक्लार्क चष्मा पुशीत म्हणाले, "अहो, ते तेव्हाच कळलं होतं. तुम्ही आमच्याशी पुणेरी बोलता. पण फायली पडल्या की 'आरं द्येवा' म्हणता, अन् त्यांचा सूर अगदी तोच! आम्ही म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगतील."

पेत्राला त्याच्या बोलीने दगा दिला, मलाही. फरक एवढाच, की मी ज्यांच्यापासून इतकी वर्षे लपत होतो त्या सभ्य माणसांनी मला लपू दिले होते. सगळेच तसे निघाले नाहीत. एकाने दुसऱ्या दिवसापासून आपला डबा दुसऱ्या टेबलावर नेला. मला वाईट वाटले. पण लाज वाटली नाही. ह्या दोहोंतला फरक मला त्या दिवशी कळला.

आमचे पाळकसाहेब जक्कय जकातदाराची गोष्ट सांगत. लोकांना लुबाडून गबर झालेला हा माणूस. त्याने ज्यांचे घेतले त्यांना चौपट फेडण्याचे कबूल केले, पण कधी? येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आल्यावर. पाहुणा आधी आला, फेड मागून. मी उलटे करीत होतो. दुप्पट मनिऑर्डरी पाठवून आधी हिशेब चुकता करायचा, मग देवाला घरात बोलवायचे! तो हिशेब जन्मात जुळला नसता.

दुसऱ्या कुणाला ही वाट दुसऱ्या देवळातून सापडत असेल. त्याविषयी मी काय बोलावे? मी फक्त माझी साक्ष देतो. पुढे गावच्या देवळाला खरी घंटा आली. तेव्हा आईने हा दांडा राखेने घासून माझ्याकडे पाठवून दिला. त्यावरची चिंधी मात्र तिने धुतली नाही, आणि मीही धुतली नाही.

गेल्या दिवाळीत समोरच्या बिऱ्हाडातली लहान मुलगी चकल्यांचे ताट घेऊन आली. काचेला नाक लावून तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आजोबा, हे कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं," मी म्हणालो.